जुना थिओडोलाइट पितळेच्या भावानं विकू नका

थिओडोलाइट म्हणजे जमीन मोजताना कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र. त्याच्याबद्दल नाशिकच्या सर्व्हेवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'ऑप्टिकल थिओडोलाइट आता भंगार. वयानं अचूकता जाते, वाचनात चुका होतात, अंतर मोजता येत नाही, नवीन काही जोडता येत नाही. पितळेच्या भावानं विकून मोकळे व्हा.' दोन ओळखीच्यांनी कपाटातली यंत्रं खरंच बाहेर काढली, तेव्हा राहवेना.

वयाचं आधी. विल्ड कंपनीच्या टी-२ सारख्या ऑप्टिकल, म्हणजे काचेच्या वर्तुळावर वाचायच्या, यंत्रात कोन मोजला जातो तो काचेच्या वर्तुळावरच्या रेघांवर, आणि त्या रेघा वापरून झिजत नाहीत. हलते ती जुळणी. ती घरच्या गच्चीवरूनही तपासता येते. दूरच्या पाण्याच्या टाकीवरच्या तडितरक्षकाला क्रॉसहेअर (दुर्बिणीतल्या फुलीच्या रेघा) लावा, उभं वर्तुळ डावीकडे ठेवून, म्हणजे फेस लेफ्टचं, वाचन घ्या, दुर्बीण उलटवून आणि यंत्र फिरवून फेस राइटचं घ्या. फरक बरोबर १८० अंश हवा. ४० सेकंद (सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जास्त आले, तर कॉलिमेशनची, म्हणजे दुर्बिणीची नजर तिरकी असण्याची, चूक २० सेकंद, आणि दोन्ही फेसची सरासरी घेतली की ती निघून जाते. उभा अक्ष कललेला असेल तर मात्र सरासरी उपयोगाची नाही, म्हणून यंत्र समतल आहे का ते दाखवणाऱ्या बबलकडे दुर्लक्ष नको.

टी-२ थेट १ सेकंदापर्यंत वाचतो. १ किलोमीटरवर १ सेकंद म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर. आपल्यातले कितीतरी जण ५ सेकंदांची टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं) वापरतात. शिवाय २० मीटरच्या बाजूवर स्टँडचं सेंटरिंग, म्हणजे यंत्र खुणेच्या बरोबर वर आणणं, २ मिलिमीटर चुकलं, तर तेवढ्यानंच २० सेकंद जातात, यंत्र कितीही नवं असो. मेसेज लिहिणाऱ्यानं २० सेकंदांपर्यंतच वाचणारे जुने व्हर्नियर थिओडोलाइट आणि टी-२ एकाच पोत्यात भरलेत.

वाचनातल्या चुका होतात, हे खरं. पण टी-२ ची खिडकी एकदा नीट बघा. वर्तुळाच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या रेघा एकाच वेळी दिसतात. बारीक वाचनाच्या मायक्रोमीटरचा नॉब हळूहळू फिरवायचा, वरच्या रेघा खालच्या रेघांना अगदी भिडल्या की थांबायचं, आणि मग वाचायचं. वर्तुळाचं केंद्र जरासं सरकलेलं असलं तरी ती चूक तिथेच कटते. मी वाचन मोठ्यानं बोलतो, वहीवाला ते परत म्हणतो. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेभोवती पाच स्टेशनांचा ट्रॅव्हर्स, म्हणजे पाच ठिकाणी यंत्र लावून बंद होणारा पंचकोन, असाच केला. आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश यायला हवी, १४ सेकंद जास्त आली. त्या संध्याकाळी मला फार समाधान वाटलं.

अंतराचं म्हणाल तर दुर्बिणीतल्या दोन स्टेडिया केसांमध्ये (आडव्या रेघांमध्ये) समोरच्या स्टाफची, म्हणजे आकडे लिहिलेल्या उभ्या पट्टीची, जेवढी लांबी दिसते ती १०० नं गुणता येते, पण ते ढोबळ कामापुरतं. हद्दीजवळ स्टीलचा टेपच लावावा.

'जोडता येत नाही' हे तर सपशेल चूक. विल्डनं स्वतःच टी-२ वर बसणारी डिस्टोमॅट अंतरमापकं बनवली होती. ज्या मॉडेलचा ट्रायब्रॅक (स्टँडवरची बैठक) सुटा होतो, त्यात थिओडोलाइट उचलून त्याच जागी अंतरमापकाचा किरण परतवणारा प्रिझम बसवता येतो, पुन्हा सेंटरिंग करावं लागत नाही. अंधारात यंत्रात उजेड घेणाऱ्या आरशापाशी छोटा एलईडी धरला की वाचन लख्ख दिसतं.

आता मेसेजचं जे खरं आहे ते मान्य करतो. दिवसात चारशे बिंदू उचलायचे असतील, काँटूर (समान उंचीच्या रेषा) काढायचे असतील, तर टोटल स्टेशनच हवं. आणि हद्द कायम करण्याची मोजणी भूमी अभिलेख विभागाच्या अखत्यारीतली. तिथे नुसतं आपलं यंत्र पुरत नाही.

हालचाल जड झाली असेल तर बळ लावू नका. बहुतेक वेळा आतलं ग्रीस सुकलेलं असतं, ते जाणत्या मेकॅनिककडून साफ करून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवाच, नाहीतर लेन्सवर बुरशी धरते. एवढं करूनही ठेवायचंच नसेल, तर भंगारवाल्याआधी जवळच्या आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला फोन करा. टोटल स्टेशनच्या पडद्यावर आयता आकडा बघणाऱ्या मुलांना दोन फेस का घ्यायचे, ते या यंत्रावर एका दुपारी कळतं.