बेसबॉलचे निष्ठावंत चाहते व्हा, तेही आयोवात राहून

ग्रीन कार्ड हातात आलंय, घराचे हप्ते वेळेवर जातायत, डॉक्टर म्हणतात ब्लडप्रेशर उत्तम. इतकं सुख फार काळ टिकू देऊ नये. माझं ऐका, मेजर लीग बेसबॉलची एक टीम धरा आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिच्या १६२ मॅचेस निष्ठेने फॉलो करा. तेही न्यूयॉर्क-बॉस्टनला राहून नव्हे, तिथे कुणीही फॅन होतो. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या डे मॉइन, आयोवा इथे राहून व्हा. मग कळेल निष्ठा कशाशी खातात.

आधी टीम निवडा. आयोवाची स्वतःची मेजर लीग टीम नाही. आहेत ते शिकागो कब्जच्या हाताखालचे आयोवा कब्ज, ट्रिपल-ए मधले, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालचे. पोरं चांगली तयार होतात आणि चांगली झाली की शिकागोला जातात. खऱ्या टीमसाठी शिकागोकडेच बघावं लागतं, म्हणजे पाच तासांचं ड्रायव्हिंग. तिथे दोन टीमा आहेत. उत्तरेच्या कब्जकडे अजिबात जाऊ नका. १०८ वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकले नाहीत याचंच त्यांनी इतकं कौतुक करून घेतलं की २०१६ मध्ये जिंकले तेव्हा ज्यांना बॅट कुठल्या बाजूने धरतात हे माहीत नाही तेही डोळे पुसत होते. दक्षिणेचे व्हाइट सॉक्स २००५ मध्ये ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकले, ह्यूस्टनला ४-० असं धुऊन काढलं, आणि आज खुद्द शिकागोत विचारा, लोक म्हणतात, "असं? कधी?" ज्यांच्या आनंदाचीही कुणी दखल घेत नाही अशी टीम धरावी. दुःखाची सवय आपोआप होते.

आणि दुःखाला व्हाइट सॉक्सकडे तोटा नाही. २०२३ मध्ये १०१ पराभव, २०२५ मध्ये १०२, आणि मधलं २०२४ तर सोन्याच्या अक्षरांत लिहावं असं : ४१ विजय, १२१ पराभव. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये एका सीझनला इतक्या मॅचेस कुणीही हरलेलं नाही. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा विक्रम ६२ वर्षं टिकून होता, तो आपल्या पोरांनी मोडला. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ हरले, म्हणजे त्या काळात गारपीट, दुष्काळ, कशाचाही भरवसा धरता आला असता, विजयाचा सोडून. त्यातही खरी कमाल सप्टेंबरात. १२० झाले होते, आणखी एक हरले की विक्रम. लोक तिकिटं काढून विक्रम बघायला आले, मालकाने टीम विकावी म्हणून घोषणा दिल्या, आणि या मंडळींनी घरच्या मैदानावर एंजल्सविरुद्ध तिन्ही मॅचेस जिंकल्या! विक्रमी पराभव बघायला आलेल्या माणसालाही निराश करून पाठवतात. मग डेट्रॉइटला जाऊन, परक्यांसमोर, १२१ वा हरले. त्याच मॅचने डेट्रॉइट प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, गेलं. उपयोग झाला कुणाला तरी.

स्टेडियमचं नावही जुळून आलंय. २०१६ मध्ये त्याला एका गृहकर्ज कंपनीचं नाव देण्यात आलं, आणि त्या कंपनीचं बोधचिन्ह होतं खाली तोंड केलेला बाण. भविष्य वर्तवायला ज्योतिषी लागत नाही.

जर्सी घ्याल तेव्हा पाठीवर खेळाडूचं नाव छापू नका. २०२१ मध्ये सगळ्यांनी टिम अँडरसनचं छापलं, २०२३ चा सीझन संपल्यावर क्लबने त्याला सोडून दिलं. २०२४ च्या त्या भीषण वर्षात ऑल-स्टारसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी, निवडला गेलेला आपला एकमेव मोहरा म्हणजे पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशे. डिसेंबरात बॉस्टनला रवाना. छापायचंच तर स्वतःचं आडनाव छापा. तुम्हाला कुणी बॉस्टनला पाठवणार नाही.

"म्हणजे आपलं क्रिकेटच ना?" असं कुणी विचारलं तर हो म्हणा आणि वरणाचं पातेलं पुढे सरकवा.

आशा सुटत चाललीय असं वाटलं तर पोपचं स्मरण करा. चेष्टा नाही. पोप लिओ चौदावे शिकागोचे, आणि व्हाइट सॉक्सचे फॅन. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला ते स्टेडियममध्ये होते, टीव्हीच्या जुन्या चित्रणात दिसतात. मे २०२५ मध्ये ते पोप झाले आणि आम्ही म्हटलं, चला, आता थेट वरपर्यंत वशिला लागला. त्या सीझनला हरलो १०२.

आता मुख्य मुद्दा. मॅच बघायची कशी?

सोपं आहे. मार्चमध्ये लीगचा वर्षभराचा ऑनलाइन पास घ्या. जाहिरातीत लिहिलेलं असतं, सगळ्या टीमा, सगळ्या मॅचेस. पैसे भरा, सोफ्यावर बसा, चिवड्याची वाटी घ्या, व्हाइट सॉक्सच्या मॅचवर क्लिक करा. काळा पडदा. त्यावर नम्रपणे लिहिलेलं असेल की ही मॅच तुमच्या भागात उपलब्ध नाही, कारण तुम्ही या टीमच्या स्थानिक क्षेत्रात राहता.

स्थानिक! साडेपाचशे किलोमीटर लांब. पुण्याहून नागपूरला निघालेला माणूस इतक्या अंतरात अर्ध्याहून जास्त वाट कापतो, आणि त्याला कुणी म्हणत नाही की बाबा तू अजून हडपसरातच आहेस.

तरी शिकागो एकटंच असतं तर समजून घेतलं असतं. लीगच्या नकाशात आयोवावर सहा टीमांनी हक्क सांगितलाय : कब्ज, व्हाइट सॉक्स, मिलवॉकी ब्रूअर्स, मिनेसोटा ट्विन्स, सेंट लुइस कार्डिनल्स, कॅन्सस सिटी रॉयल्स. आमच्याकडे एक टीम नाही, पण सहा टीमांचे आम्ही "स्थानिक". एका दिवशी जास्तीत जास्त पंधरा मॅचेस असतात. या सहाही टीमा बाहेरच्यांशी खेळत असल्या की पंधरातल्या सहा बंद. सगळ्या टीमांचे पैसे भरलेला माणूस मग सिअ‍ॅटल विरुद्ध टॅम्पा बे बघतो. टॅम्पा बेशी माझा काय संबंध? मी तिथे एकदा विमान बदललंय.

यामागचं तर्कशास्त्र तुम्हाला माहीत असेलच. स्थानिक मॅचेस दाखवायचा हक्क स्थानिक केबल चॅनलचा. चॅनल क्लबला भरपूर पैसे देतं, ते पैसे केबल घेणाऱ्या प्रत्येक घराकडून येतात, बेसबॉल न बघणाऱ्या आजीकडूनही. आजी केबल बंद करेपर्यंत व्यवस्था झकास चालली. मग आजीने केबल बंद केलं. मार्च २०२३ मध्ये अशी स्थानिक चॅनलं चालवणारा डायमंड स्पोर्ट्स ग्रुप दिवाळखोरीत गेला. आमच्या सहा टीमांपैकी चार त्यांच्याच चॅनलांवर होत्या. कंपनी बुडाली, काळा पडदा मात्र तरंगत राहिला. आता काही टीमांचे स्थानिक पास वेगळे मिळतात, म्हणजे सगळ्यांचा पास घेतल्यावर आपल्या टीमचा आणखी एक घ्यायचा. शुक्रवारची एखादी मॅच भलत्याच कंपनीकडे, रविवारची तिसरीकडे. आणि देशभर दाखवतात तशा चॅनलवर आपली टीम कधी लागेल अशी वाट बघत असाल तर १२१ वेळा हरणारी टीम कोण कशाला लावील?

हेही मी सहन केलं असतं. पण या उन्हाळ्यात आईबाबांकडे पुण्याला गेलो. जेट लॅगमुळे पहाटे जाग आली, सहज फोनवर ॲप उघडलं, व्हाइट सॉक्सवर क्लिक केलं आणि मॅच सुरू झाली. लाइव्ह. शिकागोत संध्याकाळचे सहा चाळीस, कोथरूडमध्ये पहाटेचे पाच दहा. तोच पास, तेच अकाउंट, तेच कार्ड. आई चहा घेऊन आली, तीही बसली. दोन-तीन दिवसांत तिला पिचर आणि कॅचर कळायला लागले. मग एका सकाळी तिने विचारलं, "अरे, हे रोजच हरतात का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग तू पैसे कसले भरतोस?" त्या माउलीला कसं सांगू की मी हरण्याचे पैसे भरत नाही, हरताना न दिसण्याचे भरतो?

परत आलो, त्याच आठवड्यात डे मॉइनला ॲप उघडलं. काळा पडदा. पुण्याहून आईचा मेसेज, "आज चौथ्या इनिंगमध्येच ढेपाळले बघ." माझ्या लॅपटॉपवर लॉगिन राहिलं होतं, बाबांनी तो मागे ठेवून घेतलाय.

ग्राहकसेवेला फोन लावला. लावाच तुम्हीही, ऐकण्यासारखं असतं. भरपूर संगीतानंतर एक मुलगी आली, स्वभावाने चांगली होती बिचारी. म्हणाली, सर, तुम्ही क्षेत्रात आहात. मी म्हटलं, कुठल्या? म्हणाली, सहाही. मी म्हटलं, मग मला सहाही टीमा दिसायला हव्यात. म्हणाली, नाही सर, म्हणूनच तर दिसत नाहीत. मी म्हटलं, पुण्यात दिसतं. ती म्हणाली, हो सर, पुणे क्षेत्रात नाही. शेवटी म्हणाली, मॅच संपल्यावर दीड तासाने तुम्हाला पूर्ण रेकॉर्डिंग बघता येईल. दीड तासाने! म्हणजे मध्यरात्रीकडे. तोवर जगाला निकाल माहीत, आईला माहीत, मित्रांच्या ग्रुपवर खाली बाण असलेले तीन विनोद येऊन गेलेले.

आतेभाऊ म्हणतो, "व्हीपीएन लाव ना," म्हणजे आपण कुठे आहोत ते लपवणारं सॉफ्टवेअर. का लावू? पैसे मी खरे भरतो, पत्ता मी खरा देतो, आणि माझ्याच टीमची मॅच बघायला मी कुठे राहतो याबद्दल खोटं बोलायचं? चोरून बघणाऱ्याला सगळं दिसतं आणि पावती असलेला काळ्या पडद्यासमोर बसतो.

रेडिओ आहे, ते मात्र खरं. आवाजावर बंदी नाही. ऑगस्टच्या संध्याकाळी मागच्या अंगणात गवत कापून झाल्यावर रेडिओवर मॅच ऐकणं, दोन चेंडूंमधली ती शांतता, लांबून येणारा आइस्क्रीमवाल्याचा आवाज, हे मला अजूनही आवडतं. टीम पाच रनांनी मागे असली तरी. हा सल्ला मी मनापासून देतोय, यात उपरोध नाही.

स्टेडियममध्ये जाऊन बघा असंही सुचवणारे भेटतात. जातो ना. आय-८० महामार्गावरून पाच तास जायचं, पार्किंगचे पैसे, थंडगार बियरचे गरमागरम पैसे, हरायचं, आणि पाच तास परत. मंगळवारी हे कोण करणार? सोमवार ते शुक्रवार आम्हाला नोकऱ्या असतात.

आता जरा सरळ बोलतो.

१२ ऑगस्ट २०२१. आमच्याच आयोवात, डायर्सव्हिलला, मक्याच्या शेतात खास मैदान बांधून लीगने मॅच भरवली. व्हाइट सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज. मक्यातून चालत येणारे खेळाडू, मावळतीचा सोनेरी उजेड, कॅमेरे थरथरत होते. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये टिम अँडरसनने मक्यात होम रन भिरकावला आणि आम्ही ९-८ जिंकलो. सगळ्या देशाने बघितलं. बेसबॉलचा आत्मा इथे आहे, या मातीत आहे, या साध्या माणसांत आहे, असं रात्रभर सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच, या वेळी कब्ज. आणि त्या दोन्ही वर्षी, बाकीच्या दिवसांत, याच साध्या माणसांच्या टीव्हीवर काळा पडदा.

लाज वाटत नाही? आमचा मका चालतो, आमचे भोळे चेहरे चालतात, आमचे पैसे तर चालतातच. आमचे डोळे तेवढे चालत नाहीत. सहा टीमांच्या मालकांना आयोवा नकाशावर हवाय, पण आयोवातल्या एकाही घरात मॅच पोचवायची जबाबदारी नकोय. जी टीम इथे दाखवत नाही तिचा इथे हक्क नाही, इतका साधा नियम लिहायला किती वकील लागतात? आणि तो होत नसेल तर निदान पैसे घेण्याआधी पिनकोड विचारा आणि मोठ्या अक्षरांत सांगा : या सहा टीमा तुम्हाला दिसणार नाहीत. बारीक अक्षरांत, चौथ्या पानावर नको. माणसाला पैसे भरल्यावर फसवणं आणि मग त्याला "निष्ठावंत चाहता" म्हणून टोपी विकणं, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, तो इथे लिहिता येत नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सॉफ्टबॉल खेळते, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभी राहते. तिला टीव्हीवर तिच्या जागेवरचा माणूस कसा खाली वाकतो ते बघायचं असतं. दोन-चार वेळा काळा पडदा बघून ती उठली आणि बास्केटबॉल लावून बसली. गेली ती. तरुण प्रेक्षक का कमी झाले यावर समित्या बसवणाऱ्यांनी हे वाक्य लिहून घ्यावं. पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा, आणून मॅच छोटी केलीत, फार छान केलंत, पण जी मॅच दिसतच नाही ती दोन तास चाळीस मिनिटांची आहे की तीन तासांची, मला काय फरक पडतो?

आणि "एवढं काय, हायलाइट्स बघायचे" असं म्हणणाऱ्या मंडळींना एकच सांगतो. हरणाऱ्या टीमचे हायलाइट्स समोरच्या टीमचे असतात. पुन्हा हे मला कुणी सुचवू नका.