राजमुद्रा जरूर काढा, पण रायगडाच्या आदल्या आठवड्यात नको

मे महिना संपत आला की माझ्याकडे राजमुद्रेच्या टॅटूची विचारणा एकदम वाढते. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला जायचं असतं आणि जाताना हातावर महाराजांची मुद्रा हवी असते. त्या भावनेबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही त्या आठवड्यात मी हे काम घेत नाही. त्यावरून काहीजण नाराज होतात, म्हणून कारण एकदा नीट लिहिते.

टॅटू काढताना सुई त्वचेचा वरचा थर भेदून खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, शाई सोडते. म्हणजे ताजा टॅटू ही एक उघडी जखम असते. वरून ती भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आतून भरायला काही महिने. आता ही जखम घेऊन जूनच्या सुरुवातीला गड चढायचा. पाऊस आला नसेल तर अंगातून घामाच्या धारा, पाठीवरच्या सॅकचा पट्टा दंडाला घासतोय, आणि वर होळीच्या माळावर सावलीला आडोसा नाही. तासन्‌तास तिथे उभं राहायचं.

आपल्या सावळ्या त्वचेचं एक वैशिष्ट्य टॅटूनंतरच्या काळजीच्या परदेशी व्हिडिओंमध्ये सहसा कुणी सांगत नाही. आपली त्वचा दुखावली की त्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होतं. गुडघा खरचटल्यावर महिनोन्‌महिने राहणारा काळा डाग आपण सगळ्यांनी पाहिलाय. भरत असलेल्या टॅटूवर कडक ऊन पडलं की तसेच डाग रेषांच्या आजूबाजूला उमटतात. उडालेली शाई टचअपमध्ये पुन्हा भरता येते, पण असा डाग माझ्या मशीनने काढता येत नाही. आणि राजमुद्रेत सगळी गंमत बारकाव्यांची आहे. ‘वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ हे मनगटाएवढ्या जागेत लिहायचं म्हणजे दोन रफार, ‘ष्णु’चं जोडाक्षर, ‘श्व’ची गाठ, सगळं केसाएवढ्या रेषेत. तिथे थोडा जरी डाग पडला किंवा खपली वेळेआधी निघाली, तरी अक्षर वाचता येत नाही. महाराजांच्या मुद्रेचं असं झालेलं मला बघवत नाही.

मग मुहूर्त कोणता धरायचा? १९ फेब्रुवारीची शिवजयंती. काम जानेवारीतच उरका. थंडीमुळे पूर्ण बाह्यांचे कपडे नाहीतरी अंगात असतातच, घाम कमी येतो, आणि जूनपर्यंत हात आतून-बाहेरून भरलेला असतो.

‘ताई, सनस्क्रीन लावून जातो ना’ असं हमखास कुणीतरी म्हणतं. ताज्या टॅटूवर सनस्क्रीन लावायचं नाही. जखमेवर त्यातली रसायनं झोंबतात. खपल्या पूर्ण निघून, सोलणं थांबून, त्वचा पहिल्यासारखी गुळगुळीत लागेपर्यंत एकच उपाय, तो म्हणजे झाकणं. सैल, सुती, घट्ट विणीचा आणि शक्यतो गडद रंगाचा कपडा. पातळ पांढऱ्या टी-शर्टमधून ऊन बऱ्यापैकी आत येतं, तो भिजला तर आणखी. पुण्यात स्कूटरवरच्या मुली जो सनकोट घालतात तो उत्तम, फक्त रोज धुतलेला हवा. टॅटूवर चिकटवलेली पारदर्शक फिल्म धूळ अडवते, तिच्यावर उन्हासाठी भरवसा ठेवू नका. हळद, खोबरेल तेल, व्हॅसलिनचा जाड थर यातलंही काही ऊन अडवत नाही.

टॅटू भरला की लोक निर्धास्त होतात. खरं तर जपणूक तिथून सुरू होते, आणि ती कायमची. शाई खालच्या थरात असते, तिच्यावर मेलॅनिन हे रंगद्रव्य असलेला वरचा थर असतो. टॅटू आपण त्या थरातून, काचेतून पाहावं तसा पाहत असतो. ऊन लागून कातडी रापली की ही काच गडद होते आणि खालचे रंग मळकट दिसतात. रापलेपण काही आठवड्यांनी उतरतं, पण अतिनील किरण शाईचे कणही फोडतात आणि फुटलेले बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेतं. ते नुकसान भरून येत नाही. पिवळा, पांढरा, फिकट लाल हे रंग लवकर जातात, काळा सगळ्यात जास्त टिकतो.

‘आमच्या आजीच्या गोंदणाला कुठे काय लावलं होतं?’ हा प्रश्नही येतोच. त्या गोंदणात बहुधा काजळी असायची, म्हणजे कार्बन, आणि तो उन्हाला सहजासहजी दाद देत नाही. शिवाय नक्षी ठसठशीत ठिपक्यांची, तुळशीची. तरीही वयानुसार ते पसरून हिरवट-निळं होतंच. आज आपण मागतो ती केसाएवढी रेषा आणि वॉटरकलर शेडिंग. त्यांना ते नशीब लाभत नाही.

सनस्क्रीन घेताना बाटलीवर दोन गोष्टी पाहा. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘PA’ या अक्षरांपुढे (ती यूव्हीएपासूनचं संरक्षण दाखवतात) निदान तीन अधिक चिन्हं. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील (यूव्ही) किरणांबद्दल सांगतो. टॅटूच्या थरापर्यंत जास्त पोचतात ते यूव्हीए, आणि ते गाडीच्या साध्या काचेतूनही येतात. रोज गाडी चालवणाऱ्यांनो, आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे खिडकीकडचा हात उजवा. कॅब चालवणारे क्लायंट येतात तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात शेजारी ठेवून बघायला सांगते, फरक त्यांना लगेच कळतो. ढगाळ दिवशीही लावा, कारण यूव्ही ढगांतून येतं. एका पूर्ण हाताला चहाचा चमचाभर सनस्क्रीन लागतं, बोटावरच्या थेंबाने भागत नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. गोव्याला समुद्रात उतरणार असाल तर बाहेर आल्यावर अंग पुसून लगेच. ताजा टॅटू घेऊन मात्र पाण्यात उतरूच नका.

जुना टॅटू प्रत्येक वेळी उन्हात गेल्यावर सुजत किंवा खाजत असेल, विशेषतः लाल-पिवळा भाग, तर घरी मलमं लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि तिळावर टॅटू मागू नका. तीळ बदलला तर तो शाईखाली दिसणार नाही.

माझ्या टॅटू आर्टिस्ट मित्रमैत्रिणींनो, बुकिंग घेताना ‘पुढचा महिनाभर उन्हात किती असणार?’ हे विचारा. शेतात काम, डिलिव्हरी, ढोल-ताशा पथकाचा सराव, ट्रेक, काहीही असेल, त्याप्रमाणे तारीख द्या किंवा कपड्याखाली झाकली जाईल अशी जागा सुचवा. चार पैसे त्या आठवड्यात कमी मिळतील. चालेल.