दहा वर्षांची शिक्षा होतीच की!

आज सकाळी सव्वासहाला ठाण्यातल्या कचराळी तलावावरून फेरी मारून घरी येणाऱ्या आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींच्या गळ्यातली माळ मोटरसायकलवरच्या दोघांनी ओढून नेली. मानेवर लाल वळ उठलाय, कोपर सोललंय. आठ वाजेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस. हात तोडा, भर चौकात फटके द्या, कायदाच कडक नाही म्हणून यांचं फावतं. पन्नासेक मेसेज वाचले. गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कुणी काढून ठेवलं का, हे एकानंही विचारलं नाही.

कायदा कडक नाही म्हणणाऱ्यांनो, पहिल्या मजल्यावरच्या काकूंची केस विसरलात? फेब्रुवारी २०१८. हाच रस्ता, हीच वेळ. दोन वाट्या, मधे चार सोन्याचे मणी, काळ्या पोतीत ओवलेलं मंगळसूत्र. कलम लागलं ३९२, जबरी चोरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घडली तर चौदा. १८६०च्या दंडसंहितेपासून ही शिक्षा पुस्तकात होतीच की! आरोपी सुटले ते शिक्षा कमी होती म्हणून सुटले का?

कसे सुटले ते ऐका, कारण असे खटले याच ठराविक चार-पाच जागी फुटतात.

पोत तुटली तेव्हा काळे मणी गटाराच्या झाकणाजवळ सांडले होते. पंचनाम्याला माणूस पोचेपर्यंत झाडूवाल्यानं रस्ता झाडून नेला. पंचनाम्यात आलं, 'घटनास्थळी आक्षेपार्ह काही मिळून आले नाही'. काकूंच्या साडीत अडकलेले सात मणी त्यांनी देवघरातल्या डबीत जपून ठेवले होते. ते मागायचं कुणाला सुचलं नाही.

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी दिसत होती. पण डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ तेवीस मिनिटं पुढे, आणि फुटेज घेतलं ते स्क्रीनसमोर मोबाइल धरून! इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, पुरावा कायद्याच्या ६५-ब चं प्रमाणपत्र नाही. कोर्टात तो व्हिडिओ शून्य.

आरोपी एकोणिसाव्या दिवशी सापडले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मागे पथक उभं, पुढे दोन पोरं, तोंडं उघडी. तोच फोटो व्हॉट्सॲपवर काकूंपर्यंत आला. ओळख परेड झाली अडीच महिन्यांनी, ठाणे जेलमध्ये. परेडचे नियम चांगले आहेत. एका आरोपीबरोबर निदान सहा डमी, अंगकाठीनं आणि वयानं मिळतेजुळते. तोवर आरोपीला बुरख्यात न्यायचं-आणायचं. पण चेहरा आधीच जगाला दाखवला असेल तर परेडला अर्थ काय? आरोपीच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला, "परेडच्या आधी फोटो पाहिला होता का?" काकू खोटं बोलणाऱ्या नाहीत. हो म्हणाल्या.

मग मुद्देमाल. सोनाराकडून जप्त झाली ती वितळवलेली लगड. जप्तीचा एक पंच पत्ता बदलून गेलेला, दुसरा फितूर. म्हणे सही माझीच आहे, पण कागद वाचला नव्हता. काकूंना साक्षीला बोलावलं २०२३ मध्ये. पाच वर्षांनी! लाखेच्या सीलचं पाकीट फोडून लगड हातात दिली. बोटाच्या पेराएवढी. "हे माझं मंगळसूत्र आहे असं कसं सांगू? ही तर वडी आहे," एवढंच त्या बोलल्या. निकाल त्याच दिवशी लागल्यासारखा होता.

या सगळ्यात दहाच्या जागी वीस वर्षं लिहिली असती तर काय बदललं असतं? घड्याळ बरोबर झालं असतं? पंच उभा राहिला असता?

आणि ती दहा वर्षंसुद्धा कागदावरचीच. ३९२ चा खटला चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, आणि त्यांना स्वतः तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. जास्त द्यावीशी वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं, तिथेही मर्यादा सात. टीव्हीवर 'दहा वर्षं' म्हणून ओरडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. हिसकावून नेण्याला आता वेगळं कलम आहे, ३०४. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दुखापत झाली तर मात्र ३०९ ची जबरी चोरी लागू शकते. नव्या प्रक्रिया संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिकचा माणूस जाणं टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होतंय, तीन वर्षांच्या कलमाला ती सक्ती नाही. एवढ्यापुरता शिक्षा वाढवण्याचा फायदा आहे, मान्य करतो. तोही शेवटी तपासाचाच फायदा आहे.

आता आत गेलेल्या पोराबद्दल. इथे काही जण चिडतील. चिडा.

काकूंच्या केसमधला मागे बसलेला एकोणीस वर्षांचा होता, पहिलाच गुन्हा. जामीन तिसऱ्या महिन्यात मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. आई धुणीभांडी करणारी, घर भाड्याचं, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) कुठून आणणार? चौदा महिने आत. ठाणे जेल म्हणजे जुना किल्ला, अधिकृत क्षमता १,१०५, आणि माणसं त्याच्या कितीतरी पट. बॅरकमध्ये कुशीवर वळायचं तर शेजारच्यालाही वळावं लागतं. तिथे पहिल्यांदा आलेला आणि दहा केसेसवाला एकाच सतरंजीवर. आत जाताना त्याला फक्त गाडीच्या मागे बसता येत होतं. बाहेर येताना कुठला सोनार बिलाशिवाय माल घेतो आणि नंबरप्लेट कुठे बदलून मिळते हे त्याला पाठ होतं. निर्दोष सुटला, आणि वर्षाच्या आत दोन नवे गुन्हे नावावर. काकूंच्या मंगळसूत्राच्या बदल्यात समाजाला हे मिळालं.

देशातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातले शेकडा पंचाहत्तरहून जास्त कच्चे कैदी. म्हणजे खटला चालूच आहे असे. शिक्षा वाढवा म्हणता तेव्हा सगळ्यात आधी वाढतो तो यांचा मुक्काम. नव्या प्रक्रिया संहितेचं कलम ४७९ बघा. आधी कधीच गुन्हा शाबित न झालेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला सोडायचं. तीन वर्षांच्या कलमात हा काळ एक वर्ष. तेच कलम दहा वर्षांचं केलंत की तीन वर्षं चार महिने. गुन्हा शाबित न होता! आणि एकाहून जास्त केसेस असतील तर हा फायदा नाहीच.

जामीनदाराअभावी अडकलेल्यांसाठी सुप्रीम कोर्टानं २०२३च्या जानेवारीत सांगून ठेवलंय. जामीन मिळून सात दिवसांत सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे, २०२३ मध्ये आली तेव्हा जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत होती. हे सगळं तेव्हाच असतं तर ते पोर चौदा महिने तिथे शिकत बसलं नसतं.

मोक्काचं नाव काढणार तुम्ही, माहीत आहे. ठीक आहे. सराईत टोळी आत गेली की तेवढे दिवस तो रस्ता शांत राहतो, हे खरं. पण तो टोळ्यांसाठीचा कायदा आहे. टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात, उपमहानिरीक्षकांची मंजुरी लागते. म्हणजे तिथेही आधी नीट आरोपपत्रं हवीत. फिरून त्याच जागी आलो.

बदलापूर आठवतं ना? शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला ते. ऑगस्ट २०२४, अख्खं स्टेशन 'फाशी द्या'नं दणाणलं होतं. पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, गंभीर अत्याचाराला २०१९ पासून फाशीची तरतूद होतीच. आणि त्या चिमुरड्यांच्या आईबापांना तक्रार नोंदवून घ्यायला तासन् तास बसवून ठेवलं गेलं. जिथे फाशी लिहिलेली आहे तिथे फिर्याद लिहून घ्यायला माणूस उठत नाही, याचा संताप का येत नाही कुणाला? महिला-बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं राज्याचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, टाळ्या वाजल्या, लागू कधी झालंच नाही. रस्त्यावर गस्तीला एक माणूस वाढला का त्यानं?

शिक्षा फार जड केली की उलटंही होतं. इंग्लंडात अठराव्या शतकात घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तर फाशी होती. ज्युरीतली माणसं मुद्दाम मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवायची, कारण एवढ्यासाठी जीव घ्यायला त्यांचा हात धजत नसे. आपल्याकडेही घरातलाच काका-मामा आरोपी असेल आणि समोर फाशी दिसत असेल तर आईच तोंड मिटते.

माळ ओढणारा शिक्षेचा आकडा मोजत नाही हो. तो बघतो गल्लीला दुसरं तोंड आहे का, बाई एकटी आहे का, मागच्या वेळी पकडला गेला होता का. पकडलं जाण्याची खात्री असेल तर तीन वर्षंही पुरतात. नसेल तर तीस लिहा.

काकू आजही त्या रस्त्यानं जात नाहीत. गळ्यात आता नुसती काळी पोत. संध्याकाळी आजींजवळ येऊन बसल्या होत्या, त्यांचा हात हातात घेऊन. वर चिडून लिहिलंय, पण त्या दोघींना बघितल्यावर भांडायचा जोरच गेला.

तर कृपा करून आज एवढं करा. आजींना सरकारी दवाखान्यात नेऊन मानेच्या वळाची आणि कोपराची नोंद करून घ्या, दुखापत कागदावर आली तर ३०९ लागायला आधार मिळतो. तुटलेल्या माळेचा उरलेला तुकडा धुऊ नका, कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून पंचांसमोर पोलिसांना द्या. सोनाराचं बिल आणि माळ घातलेला एखादा लग्नातला फोटो शोधा, वजन आणि घडण त्यातून कळेल. संशयितांचा फोटो ग्रुपवर आला तर आजींना दाखवू नका, कितीही उत्सुकता असली तरी. आणि सेक्रेटरी, आपला डीव्हीआर पंधरा दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहितो. कॅमेरावाल्याला आज रात्रीच बोलवा. मोबाइलवर शूट करू नका, मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा, हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जराही फेरफार झाला तर बदलणारा तिचा ओळख-क्रमांक) लिहून घ्या. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, पहिल्या भागावर डीव्हीआर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. घड्याळाला हात लावायच्या आधी ते किती मिनिटं पुढे-मागे आहे याची नोंद करा. सकाळी बघितलं तेव्हा अकरा मिनिटं मागे होतं.