‘देव मन पाहतो’ हे वाक्य उंचीबद्दल होतं

गेले काही दिवस एकच संदेश मला वेगवेगळ्या माणसांकडून येतो आहे. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. देव मन पाहतो, वागणं नाही. आपण कुणाचं वाईट चिंतलं नाही म्हणजे आपलं मन शुद्ध. चूक झालीच तर ती देवापाशी कबूल करावी, माणसांपुढे मान खाली घालायची गरज नाही. आणि ज्याचं मन शुद्ध नाही, त्याने देवाजवळ जायचं धाडसच करू नये. हे पाठवणारी माणसं माझ्या प्रेमातली आहेत, त्यांना देवाची खरी ओढ आहे. म्हणूनच हे वाचून पुढे सरकणं मला जमलं नाही. एकेक घेतो.

‘देव मन पाहतो, वागणं नाही.’ यातला पहिला अर्धा भाग शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला आहे, दुसरा कुणीतरी जोडलेला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 16 वा अध्याय उघडून पाहा. शमुवेल संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप माणसांना सांगणारा, नव्या राजाचा अभिषेक करायला बेथलेहेमात इशायाच्या घरी आला आहे. थोरला मुलगा अलीयाब समोर येतो आणि शमुवेलाला वाटतं, हाच तो. तेव्हा देव त्याला बजावतो की याच्या रूपाकडे आणि उंचीकडे पाहू नकोस. माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. म्हणजे इथे हृदयाच्या समोर काय ठेवलं आहे? देहयष्टी. वागणुकीचा विषयही निघालेला नाही. सात मुलगे पुढून गेले, एकाचीही निवड झाली नाही, आणि मेंढरं राखायला गेलेल्या धाकट्या दाविदाला बोलावून घेतलं.

संदेश इथे थांबतो, गोष्ट थांबत नाही. ज्याचं हृदय देवाने पाहिलं, तोच दावीद पुढे राजा झाला, आपल्याच सैन्यातल्या उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, त्याने बोलावून घेतलं, आणि ते झाकण्यासाठी उरीयाला लढाईच्या ऐन तोंडावर उभं करून मारवलं. त्याच्या मरणाचा हुकूम असलेलं पत्र त्याच्याच हाती पाठवलं. त्या अध्यायाचं शेवटचं वाक्य असं, की दाविदाने केलेली ही गोष्ट परमेश्वराला वाईट वाटली. केलेली गोष्ट. हृदय पाहणाऱ्या देवाने करणी पाहिली, आणि ‘मुळात मन चांगलं आहे’ म्हणून सोडून दिलं नाही.

‘कुणाचं वाईट चिंतलं नाही म्हणजे मन शुद्ध.’ हे ठरवणार कोण? आपलं मनच ना. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात हृदयाला सगळ्यांत कपटी म्हटलं आहे, ते मला पूर्वी फार कठोर वाटायचं. नाथानाची गोष्ट नीट वाचली तेव्हापासून वाटत नाही. नाथान संदेष्टा दाविदाकडे एक तक्रार घेऊन येतो. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते, शेजारच्या गरिबाकडे एकच मेंढी, घरच्या लेकरासारखी वाढवलेली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची ती मेंढी कापली. ऐकताच दावीद संतापतो: हा माणूस मरणदंडाला पात्र आहे, त्याने त्या मेंढीच्या चौपट भरून द्यावं! तोवर बथशेबेचं मूल जन्मलेलं होतं. म्हणजे इतके महिने लोटले होते, आणि या माणसाची न्यायबुद्धी शाबूत होती, तळमळ खरी होती. फक्त स्वतःवर ती चालत नव्हती. ‘तो माणूस तूच आहेस’ हे दुसऱ्याला सांगावं लागलं.

म्हणून ‘माझं मन साफ आहे’ हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते, स्वतःच्या तोंडून ऐकलं की जास्तच. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 15 वं स्तोत्र हाच प्रश्न विचारतं, की हे प्रभू, तुझ्या डोंगरावर कोण राहील? उत्तरात मनातलं खरं बोलणारा तर आहेच, पण पुढची यादी अगदी रोजच्या व्यवहाराची आहे: जिभेने चहाडी न करणारा, शेजाऱ्याचं वाईट न करणारा, व्याजाने पैसा न देणारा, निरपराध्याविरुद्ध लाच न घेणारा. आणि शब्द दिल्यावर, त्यात स्वतःचं नुकसान झालं तरी, तो न फिरवणारा. मी सगळ्यांत जास्त थबकतो ते या शेवटच्या कलमापाशी. शब्द देताना कुणाचंही मन शुद्धच असतं. ‘परिस्थिती बदलली’ असं म्हणायची वेळ येते, तेव्हा आत काय होतं ते कळतं. त्या स्तोत्रातल्या निर्दोष चालण्यासाठी मूळ हिब्रूत ‘तामीम’ हा शब्द आहे. अर्पणाचा पशू अव्यंग हवा, असं सांगतानाही हाच शब्द येतो. म्हणजे अख्खा, कुठूनही पाहिला तरी तोच. आत एक आणि बाहेर एक असं ज्याचं नाही, तो.

आता तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यांत घातक वाटतो. ‘देवापाशी कबूल केलं की पुरे.’ याच्या बाजूने 51 व्या स्तोत्रातली ओळ पुढे केली जाते, जिथे दावीद म्हणतो की तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याच विरुद्ध मी पाप केलं आहे. उरीया मग कुठे गेला? बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात याचं उत्तर आहे. एखाद्याने शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडलं, सापडलेली वस्तू दडवून खोटी शपथ घेतली, तर शास्त्र त्याला परमेश्वराशी केलेला विश्वासघात म्हणतं. ‘तुझ्याविरुद्ध’ म्हणताना उरीया वगळला जात नाही, उलट उरीयाला केलेला घाव थेट देवाला लागतो. आणि उपाय काय सांगितला आहे? घेतलेलं पूर्ण परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा. शंभर घेतले असतील तर एकशेवीस. तेही ज्याचं होतं त्याच्या हाती, दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, आणायच्या दिवशीच. तो माणूस हयात नसेल आणि घ्यायला जवळचा नातलगही नसेल, तर गणना या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायाप्रमाणे ती भरपाई परमेश्वराची होऊन याजकाकडे जाते. घेणारा उरला नाही म्हणून देणं फिटत नाही.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात हेच आणखी जवळ आणून ठेवलं. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमेच्या मंदिरात. मधे काही दिवसांची पायपीट. आणि नीट वाचा, राग भावाच्या मनात आहे, तुझ्या नाही. तुझं मन कदाचित अगदी शांत असेल.

माझं होतं. कामाच्या ठिकाणी माझी एक चूक एका सहकाऱ्याच्या नावावर गेली आणि मी ती जाऊ दिली. प्रार्थनेत कित्येकदा कबूल केली, डोळ्यांत पाणी आणून केली, आणि दर वेळी हलकं वाटलं. त्याला मात्र ऐकून घ्यावं लागलं ते लागलंच. शेवटी त्याच्याकडे गेलो आणि वरिष्ठांनाही खरं सांगितलं. तो म्हणाला, आता काय उपयोग. आमचं पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. पण ते अश्रू मी देवाला देत होतो की स्वतःला, हे मला त्याच्यासमोर उभं राहिल्यावर कळलं.

आणि चौथा, ‘शुद्ध नसलेल्याने जवळ जाऊ नये.’ हे वाचून किती जण गुपचूप मागे फिरले असतील! 24 वं स्तोत्र स्वच्छ हात आणि शुद्ध हृदय मागतं, हे खरं. पण शुद्ध हृदय आणायचं कुठून? दाविदाने 51 व्या स्तोत्रात ते मागून घेतलं: माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर. तिथलं हिब्रू क्रियापद ‘बारा’ आहे, उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या ओळीत आकाश आणि पृथ्वी निर्माण करताना वापरलेलं, जे शास्त्रात अशा निर्मितीसाठी देवाकडेच राखलेलं आहे. माणूस जवळ जातो ते हे मागायला. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला जकातदार, लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा, लांब उभा राहिला, त्याला वर बघवेना, मज पाप्यावर दया कर एवढंच तो म्हणाला. नीतिमान ठरून घरी गेला तो, आपल्या उपवासांची आणि दशांशाची यादी वाचणारा परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जकातदाराने काय केलं, ते दाखल्यात येत नाही. पण पुढच्याच अध्यायात लूक एक खराखुरा जकातदार आणतो. जक्कय, झाडावर चढलेला. येशू बोलावतो आणि त्याच्या घरी जातो, त्याचं मन तपासून नाही, तो आहे तसा असताना. मग जक्कय उभा राहून म्हणतो, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. हे कर असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. चौपट, दाविदाने रागाच्या भरात दुसऱ्याला सुनावलं होतं तेवढंच. जक्कयाने ते स्वतःला लावलं.