सिनेटमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या वकिलांसाठी

वकिली चालते आहे आणि आता कायदे करायचीही हौस आली आहे? मग अमेरिकेच्या डॅनिएल वेबस्टरला गुरू करा. न्यू हॅम्पशरच्या शेतकऱ्याघरी १७८२ साली जन्मलेला हा मुलगा एक्झिटरच्या शाळेत चारचौघांसमोर तोंड उघडायला घाबरायचा. तुमचीही बोबडी वळत असेल, तर शुभशकुन समजा.

आधी गहिवरायला शिका. १८१८ मध्ये सुप्रीम कोर्टात डार्टमथ कॉलेजसाठी लढताना, ‘कॉलेज लहान आहे, पण त्यावर जीव लावणारी माणसं आहेत,’ असं म्हणत त्याने गळा दाटून आणला, असं सांगतात. पुढच्या वर्षी कॉलेज जिंकलं. कॉलेजला मिळालेली स्थापनेची सनद हा करारच आहे, राज्याला तो मोडता येत नाही, असा कायद्याचाही मुद्दा होता म्हणा.

मतं हलकी ठेवा, उचलायला बरी पडतात. १८२४ मध्ये वाढीव आयात-जकातीला विरोध, १८२८ मध्ये पाठिंबा. न्यू इंग्लंडचं, म्हणजे त्याच्या ईशान्य अमेरिकेचं, भांडवल गिरण्यांत गेलं होतं, मग तत्त्वाने एकट्याने मागे राहून काय करायचं?

पण खरी विद्या पुढेच आहे. १८३३ च्या डिसेंबरात बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सवरून सिनेट तापलं होतं. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन सरकारी ठेवी तिथून हलवत होते. बँकेच्या बाजूचे, मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर वेबस्टर, बँकेचे वकीलही वेबस्टर. २१ तारखेला त्यांनी बँकेच्या अध्यक्षांना, निकोलस बिडल यांना, कळवलं की आमची बांधील फी (वकील राखून ठेवण्याची रक्कम) नेहमीप्रमाणे ताजी झालेली नाही. संबंध ठेवायचे असतील तर नेहमीची रक्कम पाठवलेली बरी. ना मागणी, ना धमकी. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा उधारी इतक्या अदबीने मागत नाही. आणि ते ‘नेहमीप्रमाणे’ पाहा! अख्खा जुना हिशेब त्या एका शब्दात बसला आहे. तुम्ही मात्र असलं काही कागदावर आणू नका. पत्रं टिकतात.

७ मार्च १८५० ला, मी मॅसॅच्युसेट्सचा नव्हे, अमेरिकन म्हणून बोलतो, असं सांगून त्यांनी पळालेले गुलाम पकडून देण्याच्या कायद्याची पाठराखण केली. गुलामगिरीविरोधी मॅसॅच्युसेट्समधली घरचीच माणसं उलटली. जुलैत ते परराष्ट्रमंत्री झाले.

आणि उपाध्यक्षपद कुणी देऊ केलं, तर नाक मुरडा. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार हॅरिसन आणि टेलर या दोघांच्याही वेळी वेबस्टरनी ते नाकारलं, असं म्हणतात. राष्ट्राध्यक्ष व्हायचं असताना दुय्यम खुर्चीत कोण बसतो? दोघेही निवडून आले; पदावर बसून हॅरिसन महिनाभरात वारले, टेलर सोळा महिन्यांत. उपाध्यक्ष टायलर आणि फिलमोर राष्ट्राध्यक्ष झाले आणि वेबस्टर दोघांच्याही मंत्रिमंडळात होते.