झोपून काढलेले फोटो मऊ का येतात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं : 'पोटावर झोपून, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढा' हा माझा सल्ला मानून सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या माळावर काढलेले धाविकाचे (माळावर धावणारा एक पक्षी) सगळे फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट आले, उलट उभ्याने काढलेले बरे निघाले. म्हणून आता ४०० मिमीची लेन्स विकून ६००ची घ्यायची. शिवाय घरट्यांच्या जागा मी दडवतो.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी, सल्ला अर्धवट होता. मुरमाड माळ तापला की जमिनीलगतची हातभर हवा सर्वांत जास्त थरथरते. झोपल्यावर लेन्स चाळीस मीटरभर नेमकी त्याच थरातून बघते. उभं राहिलं की नजर वरच्या शांत हवेतून तिरपी उतरते. झोपायचं ते पक्षी दहा-बारा मीटरवर असेल तर, आणि ऊन चढायच्या आत. मेमध्ये आपल्याकडे सहाच्या आधीच सूर्य वर येतो. साडेसातनंतर झोपून लांबचे फोटो काढणं म्हणजे नुसतं कार्ड भरणं.

६००ने काय होईल? धाविक साधारण २६ सेंमीचा. ४० मीटरवरून ४००ने त्याचं सेन्सरवरचं चित्र २.६ मिमी, ६००ने ३.९. पण पक्ष्याबरोबर हवेची थरथरही तेवढीच मोठी होते. तोच पक्षी १० मीटरवर आला तर ४००नेच १० मिमी!

विकण्याआधी लेन्स तपासा. सावलीतल्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, आठ-दहा मीटरवर ट्रायपॉड लावा. अक्षरं शार्प आली तर लेन्स निर्दोष. मग माळावर सलग पंधरा-वीस फोटो घ्या. एकात डोळा स्पष्ट, पुढच्यात विस्कटलेला, मागच्या गवताच्या काड्या नागमोडी, तर दोष हवेचा. सगळे सारखेच मऊ असतील तर फोकस किंवा शटर बघा.

गाडीतून काढताना इंजिन बंद, बॉनेटवरून नेम नको. एसीच्या गाडीची काच उघडल्या उघडल्या फोटो घेऊ नका, गार आणि तापलेली हवा खिडकीतच मिसळत असते. ढगाळ दिवशी मात्र दुपारीही चालतं. हिप्परग्याच्या तलावावर डिसेंबरात उलटा प्रकार : पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार, त्यामुळे लांबची बदकं तेव्हाच लवलवतात.

घरटी दडवतो म्हणालात, तर हो, दडवतो. एप्रिल-मेच्या दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही समोर ठाण मांडलंत की ती उठून ओरडत राहते आणि इकडे अंडी भाजतात. ती असतात मुरमाच्याच रंगाची, ठिपकेदार. बघायला आलेल्याच्याच पायाखाली जातात. डोक्यावर टिटवी घिरट्या घालून ओरडू लागली तर जिथे आहात तिथूनच, पावलांपुढे बघत, आल्या वाटेने मागे फिरा.