सिग्नेचर डिफर्स

मुलीच्या कॅलेंडरात परवा लाल शाईचा शेरा आला: 'पेरेंट्स सिग्नेचर डझ नॉट मॅच. काइंडली मीट.' कॅलेंडर म्हणजे शाळेची डायरी. वसईतल्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तिला कॅलेंडरच म्हणतात, आणि डबा विसरल्यावर न रडणारी पोरं कॅलेंडर विसरलं की गेटवरच भोकाड पसरतात.

मुलगी सहावीत. युनिट टेस्टला मराठीत वीसपैकी नऊ. पेपरवर पालकाची सही हवी होती, ती मी केली. रिक्षा दारात, पेपर दप्तरावर, दप्तर माझ्या गुडघ्यावर. कॅलेंडरच्या पहिल्या पानावरची नमुना सही मात्र जूनमध्ये टेबलाशी बसून, पेन झटकून केलेली, आणि तीही एवढ्याशा चौकटीत की माझं आडनाव कुशीवर वळल्याशिवाय तिच्यात मावत नाही. वर्गशिक्षिकेनं दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या, मग नऊ मार्कांकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं की सही पोरीनंच मारली.

भेटीची वेळ कॅलेंडरातच छापलेली असते. मंगळवार आणि गुरुवार, साडेनऊ ते सव्वादहा. मुंबईत नोकरी करणारा वसईकर त्या वेळी दहिसर आणि अंधेरीच्या मध्ये कुठेतरी दुसऱ्याच्या बॅगेवर हनुवटी टेकून उभा असतो. 'आई घरीच असते की' असं धरून ही वेळ ठरवलेली आहे. आमच्याकडे आईही त्याच गाडीत असते, फक्त लेडीज डब्यात. मी अर्धी रजा टाकली.

ऑफिसची खिडकी, समोर लाकडी बाक, वर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली 'सायलेन्स प्लीज'. खिडकीतल्या मिस आमच्याच बाजूच्या. घरी सामवेदी, म्हणजे आमची वसईची बोली, बोलतात, लग्नात भेटल्या की बोंबलाचा भाव विचारतात. खिडकीत मात्र फक्त इंग्लिश.

"यू आर द फादर?"

"हो मिस, तुम्ही ओळखता मला."

"एनी आयडी?"

आधार दिलं. आधारवर फोटो असतो, सही नसते. मग पॅन कार्ड काढलं. त्यावर सही आहे, पण ती नोकरीला लागलो तेव्हाची, इंग्लिशमधली, शेवटी एक शेपूट फिरवलेली. त्या वयात वाटतं की आपली सही कधीतरी कोणीतरी मागायला येईल. मिसनी तिन्ही सह्या ओळीनं मांडल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही तिघं जण आलो आहोत.

आणि इथे बाकावरचे अंकल उठले.

पँटला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत नातवाच्या बोनाफाइडचा अर्ज. सहकारी बँकेतून निवृत्त. हे त्यांनी सांगण्याआधीच कळलं, कारण 'सिग्नेचर' हा शब्द कानावर पडल्यापासून ते बाकावर सरकत सरकत खिडकीपर्यंत आले होते.

"डिफर्स?" त्यांनी विचारलं. आवाजात सहानुभूती औषधालाही नव्हती, होती ती भूक.

"तसं म्हणतायत."

"आणा इकडे."

आता त्यांचा काय संबंध? पण मी दिलं. खिडकीसमोर उभं राहिलं की माणूस कोणालाही काहीही देतो. अंकलनी चष्मा कपाळावर चढवला, कॅलेंडर आणि पेपर शेजारी धरले आणि दोन्ही उलटे केले.

"सही कधी सुलटी बघायची नाही," ते मला नव्हे, मिसना शिकवत होते. "सुलटी बघितली की आपण नाव वाचतो. उलटी धरली की नुसत्या रेघा दिसतात. हा काना बघा. जूनमध्ये रेघेला टेकलाय, इथे अधांतरी. आणि ही वेलांटी! इथे हात उचललाय. ज्याची सही असते तो हात उचलत नाही."

"अंकल, रिक्षा थांबली होती."

"चोरसुद्धा घाईतच असतो."

"पण मी इथे उभा आहे. ती सही मीच केलीय."

"हे प्रत्येक जण म्हणतो," अंकल शांतपणे म्हणाले. "आमच्या ब्रँचला एकदा खातेदार स्वतः काउंटरला आला. माझ्या डोळ्यांसमोर सही केली. मी चेक परत केला."

"का?"

"कार्डाशी जुळत नव्हती."

"पण माणूस तोच होता ना?"

"माणूस ओळखायचं काम मॅनेजरचं. माझ्याकडे सही होती."

मिसनी मान डोलावली. शाळेच्या ऑफिसात इतका मोलाचा माणूस रोज येत नाही. त्यांनी अंकलना आत खुर्ची दिली. मला नाही.

पुढे अंकल खुलले. जुनी स्पेसिमेन कार्डं कशी लाकडी ट्रेमध्ये लावलेली असत, पावसाळ्यात ती कशी चिकटत, म्हातारपणी लोकांच्या सह्या कशा गळत जातात आणि तरी पोरं बापाच्या नावाचे चेक कसे घेऊन येतात, हे सगळं झालं. "हा पेपर आहे म्हणून वाचलात," ते म्हणाले. "चेक असता तर? पूर्वी लोकांना वाटायचं, पैसे नसले तरच चेक न वटल्याचं कलम एकशे अडतीस लागतं. सही जुळली नाही तरी लागू शकतं. सुप्रीम कोर्ट, २०१२." मराठीच्या युनिट टेस्टमुळे मी फौजदारी कायद्यापर्यंत येऊन पोचलो होतो, आणि घड्याळात दहा वाजायला आले होते.

"करा इथे," त्यांनी पिशवीतून विजेचं जुनं बिल काढून कोरी बाजू पुढे केली. मी सही केली. "पुन्हा." केली. "आता माझ्याकडे बघत करा." एव्हाना विसरलेली वॉश किट घेऊन आलेल्या एक मॅडम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांच्या मते मधली जास्त ओरिजिनल वाटत होती. गेटवरचा वॉचमनही डोकावून गेला. माझी मात्र पंचाईत झाली. आपल्या सहीकडे आपण कधी लक्ष देत नाही, हात आपोआप फिरतो. दुसरा कोणी बघायला लागला की प्रत्येक अक्षर परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं अंग चोरतं. शेवटची सही तर मलाच पटेना.

"बघा," अंकल मिसना म्हणाले, "प्रॅक्टिस नाही."

मला डाचतं ते पुढेच. याच शाळेत जूनमध्ये सहलीचा फॉर्म येतो. 'माझ्या पाल्याला काही इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' त्याखाली मी सही करतो. ती नमुन्याशी कोणी ताडून बघत नाही. फी वाढते तेव्हा पालक-शिक्षक संघाची सभा होते. २०११ च्या राज्याच्या कायद्यानं फीच्या प्रस्तावाला संघाच्या कार्यकारी समितीची संमती लागते. सभागृहात हजेरीचा कागद फिरतो, त्यावर शेजारच्या बाईंनी माझ्या वतीनं फराटा मारला तरी तो चालतो. पैसे आणि जबाबदारी घेताना माझी कुठलीही सही खरी असते. नऊ मार्कांखाली केली की खोटी.

आणि दाद मागायची कुठे? घटनेच्या तिसाव्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क दिलाय. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा शाळांना शिक्षणहक्क कायदाही लागू नाही असं सांगितलं. ठीक आहे, असावा हक्क. पण तो अल्पसंख्याक म्हणजे मीच ना? मी बाप्तिस्मा झालेला, दर रविवारी मिस्साला बसणारा, माझ्याच हक्काच्या शाळेच्या खिडकीबाहेर उभा राहून विजेच्या बिलावर सह्या गिरवत होतो.

कॅलेंडरातले नियमही एकदा वाचण्यासारखे आहेत. नखं, दोन वेण्या, काळ्या रिबिनी, हे पोरींचं झालं. पालकांचं प्रकरण त्याहून मोठं. पालकांनी शालीन पोशाखात यावं. वर्गाकडे फिरकू नये. विसरलेल्या वस्तू आणून देऊ नयेत (वॉश किटवाल्या मॅडम त्यासाठीच ताटकळत होत्या). वाढदिवसाला एकच चॉकलेट, केक नाही. शिक्षकांना फोन करू नये. कॅथलिक पालकांनी मुलांना रविवारच्या मिस्साला आणि धर्मशिक्षणाला नियमित पाठवावं. धर्मशिक्षणाच्या हजेरीचं कार्ड वेगळं, त्यावरही पालकाची सही. पण तिथे फादर कार्ड बघत नाहीत, मला बघतात आणि "काय रे, बाबांचे गुडघे कसे आहेत?" विचारतात. सही पोरीनं केली काय, मांजरीनं केली काय.

आणि एक नियम: घरी मुलांशी इंग्लिशमध्ये बोलावं. आम्ही इमानेइतबारे बोललो. आजी सामवेदीत हाक मारते, पोरगी 'कमिंग, आजी' म्हणते. त्याचं फळ वीसपैकी नऊ. चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज गोव्यात येऊन मराठी शिकला आणि दहा हजारांहून जास्त ओव्या रचून गेला. १६१६ मध्ये त्या छापूनही आल्या. घरी काय बोलावं याचं कॅलेंडर त्याला कोणी दिलं नव्हतं, हे त्याचं नशीब. आता पेपरखाली शिक्षिकेनं लिहिलंय, 'नीड्स टु इम्प्रूव्ह मराठी ॲट होम.' म्हणजे घरी इंग्लिश बोलून मराठी सुधारायची. करून दाखवा कोणीतरी.

शेवटी मुलीला वर्गातून बोलावलं. ती ऑफिसात आली, मला बघितलं आणि मला ओळखत नसल्यासारखी तसबिरीकडे बघत उभी राहिली. शाळेत बाप दिसणं ही त्या वयात बदनामी असते.

"हू साइन्ड धिस?" मिसनी विचारलं.

"पप्पा."

"आर यू शुअर? इट डझ नॉट मॅच."

"मिस, पप्पा दर वेळी वेगळीच करतात. मम्मीपण हसते."

अंकलनी समाधानानं मान हलवली, जणू एवढी वर्षं ज्याची वाट पाहत होते तो साक्षीदार मिळाला. "हॅबिच्युअल," ते म्हणाले.

मिसनी तोडगा काढला. मी प्रिन्सिपल सिस्टरांच्या नावे अर्ज लिहायचा, की सदर सही माझीच असून यापुढे एकसारखी करण्याची दक्षता घेईन. अर्ज इंग्लिशमध्ये. त्याखाली पत्नीचीही सही. ती चर्चगेटला. म्हणजे तो उद्या पोरीबरोबर पाठवायचा. म्हणजे पोरगी आईची सही मारू शकते, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही. बोललो असतो तर पत्नीलाही गुरुवारी साडेनऊला यावं लागलं असतं.

एवढ्यात मिसनी अंकलचा अर्ज हातात घेतला. वरून खाली वाचला आणि परत केला.

"अंकल, पेरेंटची सही हवी. ग्रँडफादर चालत नाही."

"अहो, मुलगा बोटीवर आहे, सून हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करून झोपलीय. मी सख्खा आजोबा. हा पोरगा रोज माझ्याबरोबर येतो. वॉचमनला विचारा."

"तुमची स्पेसिमेन नाही ना आमच्याकडे."

अंकल माझ्याकडे वळले. दुसरं कोण होतं तिथे? वॉश किटवाल्या मॅडम केव्हाच निघून गेल्या होत्या. "तुम्ही तरी सांगा यांना," ते म्हणाले. मी त्यांच्या हातातला अर्ज घेतला. उलटा धरला. चांगला वेळ लावून बघितला आणि म्हटलं, "अंकल, इथे हात उचललाय."

ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

कॅलेंडर संध्याकाळी घरी आलं. लाल शेऱ्याखाली आता निळ्या शाईत लिहिलंय: 'पेरेंट काउन्सेल्ड.' आणि त्याखाली, छापील रेघेवर, पेरेंट्स सिग्नेचर. पत्नी म्हणते, करून टाक, उद्या पोरीला उगाच उभं करतील. मी म्हटलं, तूच कर. ती म्हणाली, नमुन्याच्या चौकटीत फक्त तुझी आहे. खरंच, चौकट एकच आहे, आणि तिच्याखाली छापलंय 'फादर/गार्डियन.' ज्यांना साडेनऊला हजर राहायचं म्हणून ती वेळ ठेवलीय, त्या आईच्या सहीला पहिल्या पानावर जागाच नाही. हे मात्र मी अर्जात लिहिणार आहे. इंग्लिशमध्ये.